रक्त : एका शब्दाच्या दहा फलकांची कामवही

२ मे

काम आलं. गावच्या वाचनालयाचे मास्तर दुकानात आले, पंख्याखाली बसले, तांब्याभर पाणी प्याले आणि मग म्हणाले, "१४ जूनला रक्तदान शिबिर. भिंतीवर दहा फलक लागतील. तीन बाय दोनचे." मजकूर विचारला तर म्हणाले, "तूच बघ. 'रक्तदान हेच श्रेष्ठदान' सोडून काहीही चालेल. दर वर्षी तेच लावून आता मलाच कंटाळा आलाय."

मी मराठी घेऊन बी.ए. केलं त्याला पंधरा वर्षं झाली. त्यानंतर गोव्यात डिचोलीच्या बाजारात हे डीटीपी-फ्लेक्सचं दुकान, आणि भाषेशी संबंध लग्नपत्रिका, सत्यनारायण आणि श्रद्धांजली एवढाच. म्हणून असेल, तोंडातून निघून गेलं, "मास्तर, 'रक्त' ह्या शब्दावरच करूया का?"

"एका शब्दावर दहा फलक?"

"होतील."

झाले नाहीत तर उरलेल्या ठिकाणी श्रेष्ठदान आहेच.

४ मे

पहिल्याच शब्दाने दगा दिला. मास्तरांची जुनी फाईल श्री-लिपी फाँटमधली. युनिकोडमध्ये आणली की 'क्त' फुटतो आणि 'रक्‌त' असा पाय मोडलेला शब्द उभा राहतो. सगळीकडे हाताने दुरुस्त केलं. एकवीस ठिकाणी.

पण त्या निमित्ताने तो शब्द इतका वेळ मोठा करून बघितला की शेवटी कोश काढावाच लागला. मूळ धातू 'रञ्ज्', म्हणजे रंगणे. त्याचं भूतकाळी रूप 'रक्त' : रंगलेलं, रंगवलेलं. आधी रंगवलेलं, मग खास करून लाल, आणि त्यानंतर अंगातलं लाल. कापडसुद्धा रक्त असू शकतं. म्हणजे आमच्या मशीनवर दिवसभर चालतं ते काम शब्दशः रक्त करण्याचंच.

ह्या धातूचं गणगोत मोठं आहे. रंग, रंजन, राग, आणि कपडे रंगवणारा तो रजक. किंचित लाल ते आरक्त. ज्याच्यावर दुसऱ्याचा रंग चढला तो अनुरक्त आणि ज्याचा रंग उतरला तो विरक्त. 'विरक्त'चा अर्थ मी आजवर गंभीर चेहऱ्याने लावत होते. तो मुळात धुऊन विटलेल्या कपड्याचा शब्द आहे हे कळल्यावर दुकानात एकटीच हसले.

'राग'ची गंमत वेगळी. संस्कृतात रंग, लाली, प्रेम. मराठीत संताप. प्रेम 'अनुराग'मध्ये पळून गेलं आणि घरात राग राहिला.

फलक १ ठरला : 'रक्त म्हणजे रंगवलेलं'.

७ मे

मास्तरांनी त्यांचा अमरकोश दिला. पानं पापडासारखी मोडतात, म्हणून फोटो काढून परत केला. दुसरं कांड, मनुष्यवर्ग. ओळ अशी :

रुधिरेऽसृग्लोहितास्ररक्तक्षतजशोणितम्

फोडली तर रक्ताला सात शब्द मिळतात. रुधिर, असृक्, लोहित, अस्र, रक्त, क्षतज, शोणित. एकेकाचा अर्थ लावत बसले. लोहित म्हणजे लाल. शोण म्हणजे लाल, त्यावरून शोणित. रक्ताचं वर झालंच. क्षतज म्हणजे क्षतातून, जखमेतून आलेलं. असृक् आणि अस्र ह्यांचं काही लागत नाही, ते बाजूला ठेवले.

रुधिराचं मात्र झटक्यात जमलं : 'रुध्' म्हणजे अडवणे, तर कातडीने अडवून धरलेलं ते रुधिर! फारच सुंदर. फलक ३ ला घेतलं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ह्यातले निदान तीन शब्द म्हणजे नुसतं 'लाल'. पदार्थाचं नाव न घेता रंगाने ओळख द्यायची. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. गोवर-कांजिण्यांच्या वरच्या आजाराला 'देवी' म्हणायचे. बाईची पाळी आली तर कावळा शिवतो. आमच्या आजीने जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. मग रक्ताच्या बाबतीतही कोणीतरी कधीतरी खरं नाव गिळून 'ते लाल' एवढंच म्हटलं असेल का? मला वाटतं, असेल. फलकावर हे 'असेल' म्हणूनच टाकायचं.

११ मे

रविवार. दुकान बंद, पण आजची नोंद सगळ्यांत महत्त्वाची.

घरी सोलां, म्हणजे आमसुलं, करायचा दिवस. पाऊस यायच्या आत ती वाळायला हवीत, म्हणून मे महिन्यात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. फळं फोडायची, बिया काढायच्या, साली सुपात पसरायच्या, रसात मीठ घालून त्याच रसात साली पुन्हापुन्हा बुडवून उन्हात टाकायच्या. चार-पाच उन्हं दिली की काळ्या पडतात. ह्या फळाला आमच्या घरात दोन नावं आहेत. सासरे डिचोलीचे, त्यांच्याकडे ते भिरंड. सासूबाई बांद्याच्या, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडी ते रातांबाच.

दुपारी लेक आतून बाहेर आली आणि आजीचे कोपरापर्यंत लाल झालेले हात बघून किंचाळली, "आजी, रगत!"

सासूबाई हात झटकत म्हणाल्या, "रगात नाय गो ता, रातांब्याचो रस."

मी सूप हातात धरून तशीच उभी राहिले. कारण परवाच कोशात 'रातांबा' बघितला होता : रक्ताम्र, म्हणजे लाल आंबा. सासूबाईंनी एका वाक्यात 'रगात' नाकारलं आणि 'रातांबा' पुढे केला. दोन्ही मुळात एकच शब्द. एकाच घरातले दोन भाऊ, एकमेकांना ओळख न देणारे.

आता हे कसं झालं ते लिहून ठेवते, नाहीतर फलक करताना गोंधळ होईल.

संस्कृतातला 'क्त' प्राकृतात 'त्त' झाला आणि मराठीत येताना नुसता 'त' उरला. आधीचा स्वर लांबला. रिक्त, रित्त, रिता. भक्त (म्हणजे वाटा, अन्न), भत्त, भात. त्याच वाटेने रक्त, रत्त, राता. जुन्या मराठीत राता म्हणजे लाल. गुजरातीत अजून 'रातुं' म्हणजे लालच. आपल्याकडे हा राता एकटा कुठे फिरताना दिसत नाही, रातांब्याच्या सालीत लपून राहिलाय.

म्हणजे तोंडातोंडातून झिजत आलेला 'रक्त' लाल रंगाकडे गेला. अंगातल्या रक्तासाठी मग पंडितांकडून, पुराणिकांकडून तो शब्द पुन्हा उसना आणला आणि आपल्या जिभेला 'क्त' जड म्हणून मध्ये स्वर घालून मोडला : रगत. भक्ताचा जसा भगत झाला, तसा. भात आणि भगत जसे सख्खे भाऊ, तसे रातांबा आणि रगत.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मगे? आता सालां उलटी कर."

१२ मे

कालचं वाचून पुन्हा एक सुचलं. गोव्यात शिजलेल्या भाताला 'शीत' म्हणतात. ते सिक्थ ह्या संस्कृत शब्दावरून. क्थ, त्थ, त. म्हणजे आमच्या ताटात शीत आणि वाटीत रातांब्याची सोलकढी, दोन्ही ठिकाणी हाच वर्णबदल जेवायला बसलेला. फलक २ घेतला. भाताचा फोटो घरचाच वापरणार.

१६ मे

सकाळची बस धरून पणजीला. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दिवसभर. टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश उघडला आणि अर्ध्या तासात माझं सुंदर रुधिर कोसळलं.

रुधिराचा अडवण्याशी काही संबंध नाही. तोही लालच! ग्रीकमधला 'एरुथ्रोस', लॅटिनमधला 'रुबेर', इंग्रजीतला 'रेड', जर्मनमधला 'रोट' ह्यांचा तो भाऊबंद. अथर्ववेदात रुधिर 'लाल' ह्या अर्थानेच येतो. दिसायला सारखे दोन धातू दिसले की सोयरीक जुळवायची ही माझी जुनी खोड. आणि फलक ३ मी उत्साहाच्या भरात कालच छापून ठेवलाय. तीन बाय दोनचा फ्लेक्स गेला. खर्च माझ्या अंगावर.

पण त्यामुळे हिशेब सुधारला : सातांपैकी तीन नव्हे, चार शब्द म्हणजे 'लाल'. रुधिर, लोहित, रक्त, शोणित.

बाजूला ठेवलेला असृक् आज सापडला. आणि हाच खरा म्हातारा निघाला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात, चौथ्या ऋचेत प्रश्न आहे : भूम्या असुरसृगात्मा क्व स्वित्. ह्या भूमीचा प्राण, रक्त, आत्मा कुठे आहे? तिथे रक्त नाही, रुधिर नाही, असृक् आहे.

त्याचे नातेवाईक बघताना तर अंगावर काटा आला. तुर्कस्तानात बोगाझकॉयला मातीच्या विटांवर कोरलेली हित्ती भाषा सापडली, तिच्यात रक्ताला 'एश्हर'. मध्य आशियातल्या वाळवंटात मेलेल्या तोखारी भाषेत 'यसार'. जुन्या ग्रीकमध्ये 'एआर'. बाल्टिक समुद्राकाठच्या लाटवियात आजही रक्ताला 'आसिन्स' म्हणतात. हे सगळे आणि आपला असृक् एका घरचे. म्हणजे ज्याला रंगाने ओळखायचं नाही असं, रक्ताचं स्वतःचं नाव होतं. ते बहुतेक ठिकाणी हरवलं. ग्रीकांनी पुढे 'हायमा' धरलं, लॅटिनने 'सांग्विस', इंग्रजीने 'ब्लड', आणि आपण रंग.

(इंग्रजी 'ब्लड' आला कुठून ह्यावर पंडितांचं अजून एकमत नाही. 'ब्लेस', आशीर्वाद देणे, हा मात्र त्याच्यापासून निघाला असं मानतात : मुळात रक्ताचा टिळा लावून पवित्र करणे. मास्तरांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आपण कोहळा कापून त्याला कुंकू फासतो ते आठवलं. मलाही तेच आठवलं होतं.)

फलक ५ चं शीर्षक ठरवलं : 'मेलेला शब्द – असृक्'. परतीच्या बसमध्ये उभं राहून आले, पण कळलंच नाही.

२१ मे

लग्नसराई. पत्रिकांच्या ढिगाऱ्यात फलकांना हात लागला नाही. फक्त एक टिपून ठेवते.

लॅटिनमध्ये रक्ताला दोन शब्द होते. अंगात वाहतं ते सांग्विस. अंगाबाहेर सांडलेलं, गोठलेलं ते 'क्रुओर'. वाटलं, आपल्याकडे हा भेद नाही. मग अमरकोशाच्या फोटोत, रक्ताच्या ओळीच्या वरच मांसाचे शब्द दिसले, त्यात 'क्रव्य'. क्रव्य म्हणजे कच्चं मांस, ते खाणारा क्रव्याद. आणि ह्याच घरातला आपला 'क्रूर'. मूळ अर्थ कच्चा, रक्ताने माखलेला. लॅटिनचा क्रुओर, इंग्रजीचा 'रॉ', आणि पोर्तुगीजमध्ये कच्च्याला म्हणतात तो 'क्रू' सगळे ह्याचेच. सांडलेल्या रक्ताचा शब्द आपल्याकडेही आहे, फक्त आपण तो माणसाच्या स्वभावाला लावला. 'क्रूर हत्या' म्हणताना वर्तमानपत्रवाले एकच गोष्ट दोनदा सांगतात.

२४ मे

आज मास्तरांशी वाद झाला. त्यांना एक फलक 'रक्ताचं नातं' म्हणून हवा. भाऊ-बहीण, राखी, थेंबाचं चित्र वगैरे.

मी म्हटलं, मास्तर, मराठी माणूस नातं रक्ताने मोजतो हे मला अजून पटत नाही. पोटचा पोर. पोटचा गोळा. पाठचा भाऊ, पाठची बहीण. संस्कृतातसुद्धा सहोदर, एका उदरातला. एकाच बाईचं दूध प्यायले ते दूधभाऊ. गावाशी असते ती नाळ. पिढीजात असेल तर तो हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक, आणि दोन घरांत वैर असेल तर ते हाडवैर. पोट, पाठ, दूध, नाळ, हाड. सगळं अंग झालं, रक्त कुठे आहे?

"रक्ताचं नातं म्हणतातच की लोक."

म्हणतात. आता सर्रास म्हणतात. पण माझ्या संगणकात पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत. शोधून बघितलं. 'रक्त' एकदाही नाही. श्रद्धांजल्यांमध्येही नाही. नात्यांचे एवढे कागद छापले, त्यात हा शब्द एकदा तरी यायला हवा होता.

मराठीत रक्त कशाला लागतं तर कष्टाला आणि संतापाला. रक्ताचं पाणी करायचं, रक्त आटवायचं. रक्त उसळतं, खवळतं, सळसळतं. राब राबणं आणि राग.

शेजारच्या बेकरीतली आंटी पाव द्यायला आली होती, ती मध्येच बोलली. तिचं शिक्षण पोर्तुगीज शाळेत सुरू झालं होतं. म्हणाली, आमच्याकडे ते 'सांग'. पोर्तुगीजमध्ये रक्ताला सांग. (मराठी कानाला हे भलतंच वाटतं. कोणीतरी विचारतंय, सांग.) आणि मग तिनेच 'लिंपेझा द सांग'ची आठवण काढली, रक्ताची शुद्धता. पोर्तुगीज राज्यात मोठ्या हुद्द्यावर, धर्मसंस्थेत जायचं तर सात पिढ्या खणून बघायचे, घराण्यात ज्यू किंवा मूर रक्त नाही ना. जुने ख्रिस्ती आणि नवे ख्रिस्ती हा भेद पोर्तुगालमध्ये १७७३ साली, पोंबाल ह्या मंत्र्याच्या अमदानीत, कायद्याने मोडला. तिथे खरोखरच रक्त हा नात्याचा, कुळाचा शब्द होता. आपल्याकडे जात कमी कडक होती असं अजिबात नाही. फक्त आपण ती मोजताना कूळ, गोत्र, हाड म्हणत होतो. शुद्धतेचं वेड एकच, अवयव वेगळा.

आंटी जाता जाता म्हणाली, हे सगळं ठीक, पण पूर्वी सोरपोतेलात डुकराचं रगत घालायचे तशी चव आता येत नाही.

तडजोड : फलक ७, 'नातं : पोट, पाठ, हाड आणि मग रक्त'. थेंबाचं चित्र नाही. राखी नाही.

२९ मे

दीर टिपर चालवतो. म्हणजे चालवायचा. गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी २०१२ ला बंद पडल्या, सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद पडल्या. त्या काळात आमच्या दारात तो टिपर किती दिवस उभा होता ते सांगण्यात अर्थ नाही. आता अधूनमधून फेऱ्या मिळतात. आज त्याच्याकडे एक खडा मागितला. त्याने रुमालात बांधून आणला आणि विचारलं, "रक्तदानात मातीचं काय काम?"

खडा काळसर, जड. पांढऱ्या फरशीवर ओढला तर लाल रेघ उमटली. दीर बघतच राहिला, इतकी वर्षं वाहून नेतोय पण असं कधी केलं नव्हतं म्हणाला. ह्याचं नाव हेमॅटाइट, आणि ते ठेवलंय रक्तावरून. ग्रीक 'हायमा'. भुकटी रक्तासारखी लाल म्हणून रक्तदगड. हिमोग्लोबिनमधला 'हिमो' तोच. म्हणजे डिचोली, सत्तरी, सांगे, केपे ह्या तालुक्यांतून जहाजं भरभरून जे बाहेर गेलं त्याचं नावच रक्त.

आणि इकडे आपलं लोह. लोह म्हणजे मुळात लाल धातू, तांबं. पुढे तो शब्द लोखंडाला चिकटला. लोखंड म्हणजे लोहखंड. लोहित हे रक्ताचं नाव ह्याच घरातलं. लोहितचं दुसरं रूप रोहित, त्यामुळे वर्गातला प्रत्येक रोहित म्हणजे लाल. हिंदीतला लहूसुद्धा लोहितावरूनच.

ह्यातली खरी मौज अशी की नावं ठेवणाऱ्यांना रक्तात लोह असतं हे ठाऊक असण्याची काहीच सोय नव्हती. त्यांनी रंग बघितला. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, एखाद्या खिळ्याएवढं, आणि त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. त्या लोहामुळेच रक्त लाल दिसतं. ग्रीकांनी दगडाला रक्ताचं नाव दिलं, आपण धातूला आणि रक्ताला एकच नाव दिलं, आणि रसायनशास्त्राने पुष्कळ नंतर येऊन दोघांनाही खरं ठरवलं.

फलक ८. खडा खाली टेबलावर ठेवायचा, शेजारी फरशीचा तुकडा. मुलांना ओढून बघू दे.

३ जून

फलक ५ चुकला. ह्या वेळी छापायच्या आधी कळलं, देवाची कृपा.

क्त फुटतोय का हे तपासायला सगळ्या जुन्या फाईलींत जोडाक्षरं शोधत होते. 'सृ' टाकलं तर २०१६ मधलं एक हँडबिल वर आलं. साखळी गावच्या एका वैद्यांचं. त्यात उपचारांची यादी, आणि तिसरा शब्द : असृग्दर. पाळीत फार रक्त जाण्याचा विकार. असृक् अधिक दर. हे मी, ह्याच दोन हातांनी, टाइप केलं होतं. पाचशे प्रती. आणि पंधरा दिवस मी ह्या शब्दाच्या मयताला बसले होते.

वैद्यांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "मेला कसा? आमच्याकडे रोज येतो." आणि आयुर्वेदकार वाग्भटाची शरीरातल्या सात धातूंची ओळ म्हणून दाखवली, रसासृङ्मांसमेदोऽस्थि... रसानंतर असृक्. मी विचारलं, पेशंटला समजतो का? "पेशंट म्हणते 'अंगावरून जातंय'. मी लिहितो असृग्दर. दोघांनाही 'रक्त' म्हणावं लागत नाही."

हे वाक्य फलकावर हवं होतं, पण शिबिरात सगळे बघणार, मास्तर नको म्हणतील. ७ मेच्या नोंदीतला माझा संशय मात्र ह्या फोनने थोडा बळावला. नाव न घेण्याची ती जुनी रीत एका बाजूला 'अंगावरून'मध्ये आहे, आणि जे नाव गिळलं गेलं ते दुसऱ्या बाजूला वैद्यांच्या चिठ्ठीत सुखरूप आहे.

शीर्षक बदललं : 'असृक् – साखळीपर्यंत पोहोचलेला शब्द'. हित्ती विटा वर, लाटविया मध्ये, साखळी खाली.

५ जून

रंगाची चाचणी. पडद्यावर रक्तासारखा लाल, फ्लेक्सवर गुलाबी. मॅजेंटा शंभर, पिवळा शंभर टाकून कुंकू येतं, रक्त येत नाही. थोडा काळा मिसळला तेव्हा बसलं. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आता रक्तासारखं झालं." म्हणजे रंगवलेलं झालं.

उरलेले फलक भराभर :

'खून'. फारसीत रक्त, उर्दूतही रक्त, मराठीत थेट हत्या. त्यावरून खुनशी. छापताना न आणि ण कडे डोळे फाडून बघायचं, नाहीतर खुणेचा खून होतो. गेल्या वर्षी एका जमिनीच्या नोटिशीत होता होता वाचला.

'रक्तपेढी'. शिकागोत १९३७ साली डॉ. बर्नार्ड फँटस ह्यांनी साठवलेल्या रक्ताच्या जागेला बँक म्हटलं. मराठीने पैशाच्या बँकेला बँकच ठेवलं आणि रक्ताच्या बँकेला सराफाची पेढी दिली. का ते माहीत असतं तर फलक रंगला असता. तरी शब्द देखणा आहे.

रक्तगटांचा मास्तरांच्या आग्रहाने एक. कार्ल लँडस्टायनर, व्हिएन्ना, १९०१. त्याने गट ठेवले ए, बी आणि सी, त्या सीचा पुढे ओ झाला. १४ जून हा त्याचा जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी शिबिरं. आणि मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेला 'बाँबे' गट, जो साध्या तपासणीत ओ वाटतो पण ज्याला ओचं रक्तसुद्धा चालत नाही. शहराचं नाव बदललं, गटाचं बदललं नाही.

८ जून

मिरग. पाऊस वेळेवर. सोलां रात्रीतून आत घेतली, अर्धी सूपभर भिजली. सासूबाई दिवसभर गप्प.

फ्लेक्स चढवायला येणारा मुलगा बेळगावकडचा, घरी कन्नड बोलणारा. त्याला विचारलं तर म्हणाला 'रक्त'ही म्हणतो आणि 'नेत्तरु'ही. आजी कुठला म्हणते? नेत्तरु. बघा, त्यांनी आपला शब्द घरात ठेवला आणि पाहुण्यालाही जागा दिली. फलकात आता जागा नाही, इथे नोंदवलं.

१४ जून

सकाळी आठला वाचनालयात. फलक काल रात्रीच लावले होते. एकाची दोरी सुटून तो पुस्तकांच्या कपाटावर लोंबत होता, तो बांधला. लोकांनी वाचले का? काहींनी. रातांब्यापाशी बायका थांबल्या, कारण भिजलेल्या सोलांचं दुःख सगळ्यांनाच होतं. मुलं दिवसभर खडा फरशीवर ओढत राहिली, संध्याकाळपर्यंत फरशी पूर्ण लाल. एका आजोबांनी क्रूरच्या फलकापुढे बराच वेळ काढला आणि मग विचारलं, चहा कुठे आहे.

अकराच्या सुमाराला मीही अर्ज भरला. वय बसलं, पंचेचाळीस किलोच्या वर वजन बसलं. मग बोट टोचलं. टेबलावर निळ्या पाण्याचा ग्लास होता, मोरचुदाचा, म्हणजे तांब्याचा क्षार. त्यात रक्ताचा थेंब सोडतात. हिमोग्लोबिन साडेबारा किंवा वर असेल तर थेंब जड असतो, सरळ तळाला जातो. माझ्या आधीच्या बाईचा गेला. माझा थोडा खाली उतरला, थांबला, आणि हळूहळू वर आला.

तंत्रज्ञ मुलीने पुन्हा एकदा केलं. पुन्हा तेच. ती म्हणाली, "ताई, आज नको. आधी स्वतःचं बघा." कागदावर लिहिलं, एचबी कमी. मराठीत ह्याला पंडुरोग. पंडु म्हणजे फिकट. म्हणजे असेल तर लाल म्हणायचं आणि नसेल तर फिकट, इथेही रंगच. हा अकरावा फलक झाला असता.

मास्तर शेजारी उभे होते. लोखंडाच्या गावात राहून लोह कमी, ह्यावर काहीतरी बोलतील वाटलं. पण त्यांनी पहिला फलक नीट वाचलेला दिसतो. म्हणाले, "म्हणजे तू विरक्त."

दिवसभरात अठ्ठावीस पिशव्या झाल्या. चहाचे पैसे वाचनालयाकडे. रुधिराचा चुकलेला फ्लेक्स सासूबाईंनी मागून घेतला, लाकडांवर घालायला.